कंदमुळं खाऊन

आमच्याकडे सूप हे आजारी माणसाचं खाणं. ताप उतरला की मुगाचं कढण, बाळंतिणीला पायाचं सूप, आणि अलीकडे लग्नाच्या बुफेत कॉर्नफ्लोअर लावून लुबलुबीत केलेलं टोमॅटोचं, ज्यावर पावाचे तळलेले तुकडे पोहत असतात. धडधाकट माणसानं रात्री वाडगाभर सूप पिऊन ‘जेवलो’ म्हणावं, हे माझ्या माहेरी कुणाला पटलंच नसतं. आमचं गाव माण तालुक्यातलं. जेवण म्हणजे भाकरी आणि कोरड्यास. कालवण पातळ असलंच तर त्यात भाकरी कुस्करायची, म्हणजे ते पातळ राहत नाही. मटणाच्या दिवशी तिखट पडायच्या आधी पोरांसाठी वाटीभर अळणी बाजूला काढत, तेवढंच काय ते आमचं सूप. तेही पोरांचं.

त्यामुळे उत्तर जर्मनीत राहायला आल्यावर, नोव्हेंबर लागला की इथली माणसं रात्री सूप आणि पाव एवढ्यावर भागवतात हे बघून मला त्यांची कीव यायची. आता मीही तेच करते, आणि भाकरीची आठवण काढत करते असंही नाही. अर्थात माझं सूप चमचा उभा राहील इतकं दाट असतं आणि त्यावर लसणाची फोडणी असते. शेजाऱ्यांच्या मते ते सूप नव्हेच. असो.

आम्ही राहतो ब्राउनश्वाइगला. शेजारच्या वोल्फ्सबुर्गमध्ये मोटारींचा अवाढव्य कारखाना, त्यामुळे आसपास मराठी घरं बऱ्यापैकी आहेत आणि गणपतीत मोदकाच्या पिठाची देवाणघेवाण चालते. इथली थंडी बर्फाची कमी आणि ओलीची जास्त. पारा शून्य ते चार-पाच अंशांत घुटमळत राहतो, आभाळ दिवसच्या दिवस राखाडी. डिसेंबरात सकाळी साडेआठच्या सुमाराला उजाडतं आणि दुपारी चारला, म्हणजे आपल्याकडे चहाचं आधण ठेवायच्या वेळेला, दिवे लागतात. अशा दिवसांत ओव्हन लावणं हे निम्मं स्वयंपाकासाठी असतं आणि निम्मं शेकोटीसाठी. तासभर स्वयंपाकघर उबदार राहतं, काचांवर वाफ धरते, आणि घरातली माणसं काही ना काही निमित्त काढून तिथं येऊन उभी राहतात. चार्जर शोधायला म्हणून येतात आणि जातच नाहीत.

भाजी आणायची ती शनिवारच्या बाजारातून. दुकानांत बारा महिने तेरा काळ स्पेनचे टोमॅटो असतात, दिसायला लालबुंद, चवीला ओल्या पुठ्ठ्याच्या जवळचे. थंडीत इथल्या मातीतलं म्हणून जे मिळतं ते जवळजवळ सगळं जमिनीखालचं. गाजर, बीट, बटाटा हे ओळखीचे. मग पास्टिनाक, म्हणजे हस्तिदंती रंगाचं गाजराच्या घाटाचं मूळ, ज्याला इंग्लंडातली आपली मंडळी पार्सनिप म्हणतात. पार्सलेचं मूळ, दिसायला हुबेहूब तसंच. सेलरीचा गड्डा. आणि श्टेकऱ्यूबे, जांभळट सालीचा, आत पिवळा, नारळाएवढा कंद, त्याच्याबद्दल पुढे सांगते. ऋषिमुनी कंदमुळं खाऊन राहायचे हे लहानपणी गोष्टींत ऐकलं होतं. तेव्हा ती त्यांना झालेली शिक्षा वाटायची.

पास्टिनाक आणि पार्सलेचं मूळ यांतला फरक मला बाजारातल्या भाजीवालीनं अंगठ्यानं दाखवला. तिची नखं कायम मातीनं भरलेली, हातमोज्यांची बोटं कापलेली. दोन्ही मुळं तिनं आडवी धरली आणि जिथून पाला फुटतो त्या टोकावर अंगठा फिरवला. पास्टिनाकच्या डोक्याला खळगा असतो, पाल्याचे देठ त्या खळग्यातून वर येतात. पार्सलेच्या मुळाचं डोकं उलट वर आलेलं असतं. चवीत जमीनअस्मानाचा फरक. पास्टिनाक गोड आणि जरा जायफळासारखं दरवळणारं, पार्सलेचं मूळ उग्र, हिरव्या वासाचं. सूपात चुकून दुसरं भरपूर पडलं तर काढा होतो.

सेलरीच्या गड्ड्याशी मैत्री व्हायला वेळ लागला. वरून सुरणासारखा ओबडधोबड, खालच्या बाजूला मुळ्यांचं जंजाळ आणि त्या जंजाळात अडकलेली रेती. सोलाणं त्याच्यापुढे चालत नाही. सुरीनं बोटभर जाड साल उतरवावी लागते आणि निम्मा गड्डा टाकून दिल्यासारखा वाटतो. पण साल उतरली की आत स्वच्छ पांढरं, आणि कापताक्षणी ओव्याच्या जवळचा एक वास उठतो. ओवा आणि सेलरी एकाच कुळातले, गाजर, धणे, जिरे, बडीशेपही त्याच कुळातले. म्हणून असेल, त्या वासाला आपलं नाक लगेच ओळख देतं.

भाजीवालीचं दुसरं शिक्षण म्हणजे पास्टिनाक दव गोठून गेल्याशिवाय घ्यायचं नाही. ऑक्टोबरात मागितलं तर ती देते, पण चेहरा वाकडा करून. त्यामागचं कारण साधं आहे. पारा शून्याकडे सरकायला लागला की ही मुळं साठवलेल्या पिठाची साखर करतात. साध्या पाण्यापेक्षा साखरेचं पाणी गोठायला जास्त थंडी लागते, म्हणजे झाड आपला जीव वाचवायला स्वतःला गोड करून घेतं. गाजराचंही थोडंफार तसंच. आपल्याकडे बटाटे फ्रिजमध्ये ठेवले की गोडसर होतात आणि त्यांचे काप तळताना काळे पडतात, तोही हाच कारभार, फक्त तिथं तो नकोसा. इथं मात्र थंडी निम्मा स्वयंपाक शेतातच उरकून ठेवते.

साखरेवरून आठवलं. सप्टेंबर सरता सरता गावाबाहेर पडावं तर शेतांच्या कडेनं पांढरट बिटांच्या लांबच लांब राशी लागलेल्या दिसतात. हे शुगरबीट. मग पार जानेवारीपर्यंत राशीवरून ट्रक भरून कारखान्याकडे जात राहतात, रस्त्यावर चिखलाचे पट्टे, वळणावर ‘रस्ता निसरडा’ची पाटी, आणि कारखान्याच्या धुराड्यातून दिवसरात्र वाफ. माझं आजोळ कराडच्या बाजूचं, त्यामुळे हे दृश्य पाहून मी गाडीतच ओरडले होते, ‘अगं बाई, गळीत हंगाम!’ उसाच्या मोळीऐवजी बीट आणि बैलगाडीऐवजी यंत्र, एवढाच काय तो बदल. आजोळच्या माणसांना न पटणारी गोष्ट अशी की उसाला ११-१२ टक्के उतारा पडला तर आपण खूष, आणि या मातकट कंदात १६ ते १८ टक्के साखर असते. हिशेब एकास एक लावता येणार नाही, उतारा म्हणजे हाती लागलेली साखर आणि हे कंदातलं प्रमाण. तरी मामा फोनवर बराच वेळ गप्प होता.

हा उद्योगही इथलाच. बर्लिनच्या आंद्रेआस मार्गग्राफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १७४७ साली बिटातली साखर ही उसातलीच साखर आहे हे दाखवून दिलं. त्याचा शिष्य फ्रान्झ आखार्ड यानं पुढे अर्ध्या शतकानं सायलेशियातल्या कुनर्न गावी बिटापासून साखर करणारा पहिला कारखाना काढला. नेपोलियनच्या काळात समुद्रावरून येणारी उसाची साखर अडली आणि बिटाचं नशीब उघडलं. बिटाचा रस आटवून केलेला काळाभोर पाक इथं पावाला लावून खातात. जीभ म्हणते काकवी, आणि मग मागून एक मातीचा, किंचित कडवट सूर येतो आणि कराड हजारो किलोमीटर लांब असल्याचं कळतं.

आता मुख्य मुद्दा, भाजणं. हीच सगळी कंदमुळं पाण्यात उकडून, घोटून सूप केलं तर ते दवाखान्यातलं लागतं. मीठ घाला, मिरी घाला, वर साय ओता, काही उपयोग होत नाही. कारण पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही, आणि ज्याला आपण खमंग म्हणतो ते साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरतं. भाजीतली साखर आणि प्रथिनांचे घटक यांचं तिथं काहीतरी जुळतं आणि त्यातून शेकडो नवे वास जन्माला येतात. लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं म्हणून तिला त्याचं नाव आहे. पण निखाऱ्यात कांदा पुरून, खोबऱ्याची वाटी जाळावर धरून, दोन्ही पाट्यावर वाटणाऱ्या आमच्या आजीनं मायारची वाट पाहिली नव्हती. भाजून वाटायचं, वाटून शिजवायचं हा आपल्या स्वयंपाकाचा कणाच आहे. कच्च्या कांद्याचं वाटण लावलेला रस्सा कुणी पुढे केला तर आपण त्या घरी पुन्हा जेवायला जाऊ का? मग गाजरावर आणि सेलरीवर तोच न्याय का लावायचा नाही?

तर ओव्हन २०० अंशांवर. कंद पेराएवढ्या फोडींत, सगळे साधारण सारखे, फक्त बटाटा जरा मोठा. तेल अंगाला माखेल इतकं, मीठ, भरडलेले धणे. आणि ट्रेवर फोडी एकमेकींपासून सुट्या. ही शेवटची गोष्ट लोक ऐकत नाहीत. एकाच ट्रेत सगळं कोंबलं की भाज्यांचं पाणी वाफ होऊन तिथंच कोंडतं आणि भाजण्याऐवजी सगळं वाफवून निघतं. दोन ट्रे काढायचा कंटाळा असेल तर भाजी कमी घ्यावी. मोठ्या पास्टिनाकचा मधला दांडा लाकडासारखा असतो, तो काढून टाकायचा. कांदे सालीसकट अर्धे करून, कापलेली बाजू खाली. लसणाचा अख्खा गड्डा वरून शेंडा उडवून, तेल सोडून, फॉइलमध्ये बांधून. बीट वेगळं, अख्खं, फॉइलमध्ये, त्याला तासभर तरी लागतो. आणि बाकीच्यांत मिसळलं की सगळं सूप होळीच्या दुसऱ्या दिवसासारखं दिसतं.

वीस मिनिटांनी फोडी उलटायच्या. तेव्हा खालच्या बाजूला नुसता पिवळेपणा असतो आणि हात ‘झालं की’ म्हणतो. झालेलं नसतं. अजून वीस-पंचवीस मिनिटं. कडा तपकिरी व्हायला हव्यात, पास्टिनाकचं टोक जवळजवळ करपलेलं, आणि फोडीचं अंग किंचित आक्रसलेलं. गाजर या टप्प्याला असं होतं की ट्रेवरून उचलून तोंडात टाकल्याशिवाय राहवत नाही, म्हणून गाजरं जरा जास्तच घ्यावीत.

फोडी काढल्यावर ट्रे धुवायला टाकणाऱ्याला मी माफ करत नाही. ट्रेला चिकटलेलं ते तपकिरी, चिवट, चमकदार काहीतरी असतं ना, खरी चव तिथं बसलेली असते. गरम ट्रेवर भांडंभर उकळतं पाणी ओतायचं, लाकडी उलथन्यानं खरवडायचं, आणि ते चहाच्या रंगाचं पाणी सूपाच्या पातेल्यात. भाज्यांच्या स्टॉकसाठी इथं ‘सूपनग्र्यून’ म्हणून एक जुडीच मिळते, गाजर, सेलरीची फाक, लीकचा तुकडा, पार्सलेच्या काड्या, सगळं रबरानं बांधलेलं. आपल्याकडे भाजीवाला कोथिंबीर, मिरची वर टाकतो तसं हे नव्हे, पैसे पडतात. मी ती घेते, पण घाईच्या दिवशी ट्रेचं पाणी एवढ्यावरही भागतं.

पुढचं काम सोपं. पातेल्यात मूठभर मसूर डाळ आधी शिजवून घेते, कारण नुसत्या कंदांनी पोट भरतं पण रात्री दहाला पुन्हा डबे उघडले जातात. त्यात भाजलेल्या फोडी, सालीतून पिळून काढलेला लसूण, सोललेला कांदा, ट्रेचं पाणी. एक उकळी. मग ब्लेंडर, पण निम्म्याच सूपावर. बटाट्याच्या फोडी आधी वेचून बाजूला ठेवायच्या आणि हातानं कुस्करून नंतर घालायच्या; ब्लेंडरच्या पात्यात बटाटा सापडला की त्याचं पीठ सुटून सूपाची खळ होते, पोस्टर चिकटवायची.

आणि आंबट. हे इथले लोक विसरतात आणि मग चव येत नाही म्हणून साय ओतत सुटतात. ही सगळी कंदमुळं गोड, त्यात भाजून आणखी गोड झालेली, त्याला साय म्हणजे गोडावर गोड. मी दोन आमसुलं टाकते. कधी चिंचेचा कोळ, काहीच नसेल तर सफरचंदाचं व्हिनेगर. आंबट पडलं की पास्टिनाक, गाजर, सेलरी आपापल्या नावानं बोलायला लागतात. शेवटी वाटीवर तुपाची फोडणी: जिरं, लसणाचे काप, सुकी मिरची. कडाक्याच्या थंडीत चमचाभर कांदा-लसूण मसाला आणि दाण्याचं कूट. कूट घातल्याबद्दल जर्मन मैत्रिणींनी आधी भुवया उंचावल्या. आता त्याच विचारतात, आज ते शेंगदाण्यांचं घातलंयस ना?

राहता राहिला तो जांभळ्या सालीचा श्टेकऱ्यूबे. स्वस्त, टिकाऊ, भाजला की केशरी-सोनेरी होतो, गोड आणि मागून कोबीची किंचित कडू चव. मला सगळ्यात आवडतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, वयाची पंच्याऐंशी ओलांडलेल्या, अजून स्वतःची खरेदी स्वतः करतात. थंडी पडली की मी त्यांना वाडगाभर सूप नेऊन देते. एकदा दार उघडताच त्यांनी नाक वर केलं, म्हणाल्या, ‘यात श्टेकऱ्यूबे आहे.’ मी हो म्हटलं. त्यांनी वाडगा अतिशय नम्रपणे परत माझ्या हातात दिला.

नंतर त्यांनी सांगितलं. लढाई संपल्यानंतरची १९४६-४७ ची थंडी, गावाचा मधला भाग बाँबहल्ल्यात जळून गेलेला, आणि त्या तेव्हा शाळेत नुकत्या जायला लागलेल्या. सकाळी श्टेकऱ्यूबे, दुपारी श्टेकऱ्यूबे, रात्री तोच पाण्यात. त्यांच्या आईनं तर हे दुसऱ्यांदा पाहिलं होतं. पहिल्या महायुद्धातल्या १९१६-१७ च्या थंडीला इथं आजही श्टेकऱ्यूबेची थंडी म्हणूनच ओळखतात. १९१६ च्या ओल्या हंगामात बटाट्यावर करपा पडून पीक निम्म्यावर आलं, ब्रिटिश आरमारानं समुद्र अडवलेला, आणि जनावरांसाठी लावलेला हा कंद माणसांच्या ताटात आला. त्याचं पीठ पावात गेलं, त्याचा मुरंबा झाला, वाळवून भाजून त्याची कॉफीसुद्धा केली. भाजूनही त्यांना तो गोड लागला नसणार. भाजायला जळण होतं कुठे?

हे मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, लगेच म्हणाले, ‘मिलो.’ ७२ च्या दुष्काळात आमच्या माणदेशात अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, रेशनवर मिळायचा. दादा तेव्हा पोरगेलेसे, खडी फोडायच्या कामावर आजोबांबरोबर जायचे. मिलोची भाकरी थापताना चिरायची, आणि गिळताना घशाला लागायची असं ते सांगतात. आज शहरातली माणसं कुठकुठली धान्यं आरोग्याची म्हणून किलोला कितीही मोजून घेतात. दादांना म्हटलं, आता तोच मिलो चांगला भाजून, तूप लावून दिला तर? म्हणाले, ‘तू खा. मला ज्वारी ठेव.’

तेव्हापासून आजींसाठीचं पातेलं वेगळं असतं. त्यात गाजर, पास्टिनाक, सेलरी, आणि दाट होण्यासाठी डाळ थोडी जास्त. मिरची नाही, जिऱ्याची फोडणी मात्र चालते, किंबहुना लागतेच. त्या दिवशी मी विसरले तर वाडगा घेताना विचारलं, आज वरचं ते चुर्र केलेलं नाही का?

सूप उरलं तर दुसऱ्या दिवशी ते इतकं घट्ट होतं की पुन्हा पाणी घालून सारखं करायचा मला उत्साह नसतो. थालीपीठाची भाजणी आईकडून येते, बॅगेत कपड्यांच्या आत, तीन पिशव्यांत गुंडाळून. त्या भाजणीत पाण्याऐवजी हे कालचं सूप घालून भिजवायचं, वर बारीक चिरलेला कांदा, तीळ, ओवा. मीठ आधी चाखून मगच घालायचं, सूपात ते असतंच. जरा सैलसर भिजवावं लागतं, कारण डाळ आणि कूट पाणी ओढून घेतात. तव्यावर मध्ये भोक पाडून, कडेनं तेल सोडून, मंद आचेवर. इथं आंबवलेल्या सायीचं बिनमिठाचं बटर मिळतं, ते आपल्या लोण्याच्या सगळ्यात जवळ जातं. साधं बटर घेऊ नये, पाकीट वाचून घ्यावं.